सध्या काय ऐकताय? पूर्ण अल्बम ऐकून त्यावर बोलायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘सध्या काय ऐकतेयस?’ असं कुणी विचारलं की आपण पटकन एखादी लिंक पाठवतो, खाली लिहितो ‘भारी आहे, नक्की ऐक’, समोरून एक अंगठा येतो आणि विषय तिथेच संपतो. ती लिंक बहुतेक वेळा कुणी उघडतही नाही. गाण्यांच्या ग्रुपवर हे रोज होताना दिसतं आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पाठवणाऱ्याला ते गाणं मनापासून आवडलेलं असतं, फक्त काय सांगायचं ते सुचलेलं नसतं. तर ज्यांना एकेका गाण्याच्या पुढे जाऊन पूर्ण अल्बम ऐकायचाय, आणि त्याबद्दल असं काहीतरी सांगायचंय की दुसऱ्यालाही तो लावावासा वाटेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रागदारी यावी लागत नाही, वाद्य वाजवता यावं लागत नाही. माझं एक ठाम मत आहे ते आधीच सांगते, अल्बमबद्दल बोलायचं तर जागा दाखवा. कुठल्या ट्रॅकमध्ये, कितव्या मिनिटाला, नेमकं काय होतं आणि ते ऐकून तुम्हाला काय झालं. एवढं जमलं की गप्पा आपोआप सुरू होतात.

१. एक अल्बम निवडा, आणि तो खरोखर अल्बम आहे ना ते बघा

ॲपवर लता मंगेशकर किंवा भीमसेन जोशी टाकून बघा, समोर ढीगभर ‘बेस्ट ऑफ’, ‘सुपरहिट भक्तिगीते’, ‘सदाबहार’ असं काहीबाही येतं. हे कंपन्यांनी नंतर इकडची तिकडची गाणी गोळा करून केलेले संच असतात. ऐकायला काहीच हरकत नाही, पण त्यावर बोलायला फार काही सापडत नाही कारण ती गाणी एकमेकांसाठी केलेलीच नसतात. आपल्याला हवा असतो तो कुणीतरी ठरवून, एका कल्पनेवर, एका संगीतकाराने नाहीतर एका चमूने बांधलेला अल्बम. म्हणजे श्रीनिवास खळे आणि लताबाईंचा ‘अभंग तुकयाचे’ हा अल्बम, किंवा हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेला ‘ज्ञानेश्वर माउली’, किंवा मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की ऐकणं बदलतं. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून गवयांना अख्खा राग तेवढ्यात आवरावा लागायचा, आणि आपलं भावगीतही साधारण तीन मिनिटांचं राहिलं ते बरंचसं त्याच मापामुळे. मग १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं, आणि आता गाणी कुठल्या क्रमाने ठेवायची, पहिली बाजू कशावर संपवायची, उलटून दुसरी लावली की काय ऐकू यायला पाहिजे, हा विचार करायला जागा झाली. कॅसेटमध्येही तेच, साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजू. म्हणून जुना अल्बम निवडलात तर त्याची पहिली बाजू कुठे संपते ते शोधून ठेवा, ॲपवर तो सांधा दिसत नाही पण कानाला कळतो.

सगळंच एका बैठकीत ऐकायचं असतं असंही नाही. गीतरामायण घ्या, १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक असं करत वर्षाहून थोड्या जास्त काळात ५६ गीतं झाली. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे आणि रेडिओवर वेगवेगळे गायक-गायिका गायचे, आज आपण जे बहुतेक ऐकतो ते बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे. ते ५६ एका दमात ऐकायचा हट्ट नको, ते आठवड्याला एकच असं ऐकून बघा, मूळ श्रोत्यांनी तसंच ऐकलं होतं, वाट बघत.

आणि अगदीच पहिल्यांदा करत असाल तर छोटं काहीतरी घ्या. २०१६ चा ‘सैराट’ चार गाण्यांचा आहे, सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे, आणि म्हणूनच चांगला. ‘झिंगाट’ लग्नात डीजेवर ऐकणं आणि चारही गाणी हेडफोन लावून सलग ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अजय-अतुलने त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डिंग केलं होतं, ते व्हायोलिनचे थर लग्नाच्या मांडवात ऐकूच येत नाहीत.

२. फोनच्या सेटिंग आधी नीट करा

हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच निम्मी मजा जाते. शफल बंद. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मोठं शफलचं बटण काढून सरळ क्रमाने वाजवायचं बटण दिलं होतं, म्हणजे मोठमोठ्या कलाकारांनाही हा क्रम किती महत्त्वाचा वाटतो बघा. ‘गारवा’त आधी सौमित्रच्या आवाजात कविता येते, मग गाणं, असा ओघ आहे, शफल लावलंत की तो ओघच गेला.

क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचा शेवट पुढच्या गाण्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि दोन्हींचं नुकसान होतं. ऑटोप्ले बंद करा. हे लोक विसरतातच, शेवटचा ट्रॅक संपला की ॲप गुपचूप भलतंच काहीतरी सुरू करतं आणि अल्बम कुठे संपला ते तुम्हाला कळतच नाही. तो संपल्यावरची शांतता ऐकायची असते. फुकटच्या प्लॅनवर मधे मधे जाहिराती येत असतील किंवा क्रम तुमच्या हातात नसेल तर तोच अल्बम यूट्यूबवर कंपनीच्या अधिकृत चॅनेलवर प्लेलिस्ट म्हणून असतो का ते बघा.

३. दोनदा ऐका, पहिल्यांदा काहीही न लिहिता

पहिल्या वेळी फक्त ऐका. बसून, नाहीतर खिडकीजवळची सीट मिळाली असेल तर गाडीत. जुनी एलपी चाळीसेक मिनिटांची असते, ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये ती आरामात पूर्ण होते. मेसेज नको, रील नको. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत जा.

दुसऱ्या वेळी फोनवर नोट्स उघडून ठेवा, आणि जिथे कान टवकारले जातील तिथे थांबून वेळ लिहा. मिनिट, सेकंद, आणि काय झालं ते तुमच्या शब्दात. ‘दुसरा ट्रॅक, १:४०, तबला एकदम बंद, फक्त आवाज उरला’ एवढं पुरे. ‘इथे ती शब्द ओढते, पोटात कसंतरी झालं’ हेही चालेल, उलट हेच जास्त चालेल. काय काय टिपता येतं याची यादी मी देत बसत नाही, पण नवीन माणसाला सगळ्यात सोपं पडतं ते म्हणजे कोण आलं आणि कोण गेलं. नवीन वाद्य कधी शिरलं, कधी गप्प झालं, गाणारी व्यक्ती कुठे थांबली आणि त्या रिकाम्या जागेत काय वाजलं. मुखड्यावर परत येताना दर वेळी तसंच येतात का, की तिसऱ्या वेळी थोडी हरकत, म्हणजे सुरांचं छोटंसं वळण घेऊन येतात? लताबाई अभंगाचं ध्रुवपद दर वेळी त्याच शब्दांनी म्हणतात पण नीट कान दिलात तर दोन वेळा अगदी सारखं क्वचितच ऐकू येईल.

शास्त्रीय अल्बमला लोक घाबरतात, एकच ट्रॅक वीस-पंचवीस मिनिटांचा दिसला की पुढे जातात. तिथे टिपायची पद्धत थोडी बदला. तबला कधी सुरू झाला ते लिहा, लय कुठे वाढली ते लिहा, शब्द संपून आकार (नुसत्या ‘आ’वर गाणं) किंवा ताना (भराभर घेतलेले स्वर) कधी सुरू झाल्या ते लिहा, आणि दुसरी बंदिश कुठे सुरू झाली ते. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग आहे ना, आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं ‘प्रथम सुर साधे’ आणि मग ‘सहेला रे’, त्यात विलंबित संपून ‘सहेला रे’ उचलतात ती वेळ फक्त टिपून ठेवा. एवढं केलंत तरी त्या लांबलचक ट्रॅकचा नकाशा हाताशी येतो. भूपात पाचच स्वर असतात, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. हे माहीत नसलं तरी काहीच अडत नाही, पण माहीत झालं की पाच स्वरांत ही बाई किती वेळ काय काय करतेय हे ऐकून थक्क व्हायला होतं.

४. कुणी केलंय ते शोधा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

एलपीच्या मागच्या बाजूला सगळं छापलेलं असायचं, गीतकार, संगीतकार, साथीला कोण, कधी कधी रागाबद्दल दोन परिच्छेद. ॲपवर यातलं बरंचसं गायब असतं. गायकाचं नाव मोठं दिसतं, संगीतकाराचं कधी कधी दिसतं, आणि कवीचं नाव तर मराठी गाण्यांच्या बाबतीत शोधत बसावं लागतं. मराठी भावगीत म्हणजे आधी कविता, ‘ऋतु हिरवा’ शेअर करताना आशाबाई आणि श्रीधर फडके लिहायचं आणि शीर्षकगीताच्या शांता शेळक्यांचं नावच नाही, हे मला बघवत नाही. ट्रॅकच्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबून क्रेडिट्स बघा, तिथे नसेल तर ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर जा, तिथे गाण्यागणिक गीत, संगीत, स्वर वेगवेगळं दिलेलं असतं, बऱ्याच गाण्यांना रागही. जुन्या रेकॉर्डची मागची बाजू बघायची असेल तर डिस्कॉग्स या संकेतस्थळावर लोकांनी फोटो टाकलेले असतात.

सालाच्या बाबतीत सावध राहा. ॲपवर अल्बमखाली जे साल दिसतं ते पुष्कळदा सीडीचं किंवा डिजिटल आवृत्तीचं असतं, मूळ रेकॉर्डचं नाही. साठच्या दशकातली रेकॉर्ड २००५ ची म्हणून दिसू शकते. खात्री नसेल तर साल लिहूच नका. जादा ट्रॅकचंही तसंच, नंतरच्या आवृत्तीत कंपनी शेवटी दोन-तीन ट्रॅक जोडते आणि मूळ अल्बम जिथे संपायचा तो शेवट हरवतो.

आता नावं शोधायचा खरा फायदा काय ते सांगते. ‘अभंग तुकयाचे’ ऐकलात, आवडला, संगीतकार कोण बघितलंत तर श्रीनिवास खळे. खळ्यांचं अजून काय आहे म्हणून शोधलंत की ‘राम श्याम गुणगान’ सापडतो, भीमसेनजी आणि लताबाई एकत्र, हिंदी भजनं, पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द. त्या अल्बममध्ये वीणा कुणी वाजवलीय? शंकर महादेवन यांनी! गायक म्हणून नाव व्हायच्या कितीतरी आधी, ते खळ्यांकडे शिकलेत. तिथनं पुढे २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’ आहे, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत, आणि तिथनं २०२३ चा ‘शक्ती’ या बँडचा ‘धिस मोमेंट’, जॉन मॅकलॉक्लिन, झाकीर हुसेन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश आणि गायला शंकर महादेवन, ज्याला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तुकोबांच्या अभंगापासून गिटार आणि तबल्यापर्यंत एका माणसाचा हात धरून जाता येतं, आणि कुठल्याही ॲपने तुम्हाला ही वाट सुचवली नसती. कुणाशी बोलताना ‘हे ऐकलंत तर ते पण ऐका’ म्हणायचं ते अशा धाग्यावरनं म्हणावं, नुसतं ‘याच टाइपचं आहे’ म्हणण्यात दम नाही.

५. आता लिहा

मी ‘कॉल ऑफ द व्हॅली’बद्दल ग्रुपवर लिहिलं होतं ते साधारण असं होतं:

‘सध्या ऐकतेय: कॉल ऑफ द व्हॅली. शिवकुमार शर्मा संतूर, ब्रिजभूषण काब्रा गिटार, हरिप्रसाद चौरसिया बासरी, तबल्यावर माणिकराव पोपटकर. साठच्या दशकाच्या शेवटाकडची एलपी, चाळीसेक मिनिटं. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, शब्द एकही नाही. पहिला ट्रॅक सगळ्यात मोठा आहे, अहिर भैरवातनं नट भैरवात जातो, तो घाईत ऐकू नका. पहिली बाजू पिलूवर संपते आणि दुसरी भूपाने सुरू होते, म्हणजे दुपार संपून संध्याकाळ, रेकॉर्ड उलटायचा वेळ त्यात धरलेला आहे असं मला दर वेळी वाटतं. संतूरवर कलम (वाजवायची छोटी काठी) पडली की आवाज लगेच विरायला लागतो, गिटारवर तोच सरकत जातो, बासरीवर श्वास असेपर्यंत टिकतो, तिघं एकच ओळ घेतात तेव्हा हा फरक ऐका. सीडीवर शेवटी जादा ट्रॅक आहेत, मी मूळ शेवटच्या ट्रॅकला, पहाडीला थांबते. तुम्हाला पहाडीत दिवस संपल्यासारखा वाटतो का? मला नाही वाटत.’

बघा, यात फार मोठं काही नाही. नावं आहेत, किती वेळ लागेल ते आहे म्हणजे समोरच्याला ठरवता येतं, एक-दोन जागा आहेत, कुठे थांबायचं ते आहे, आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याला उत्तर द्यायचं तर ऐकावंच लागतं. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येतं. ‘पहाडीत दिवस संपतो का?’ याला ‘मस्त’ म्हणता येत नाही.

काय टाळावं? ‘मास्टरपीस’, ‘अजरामर’, ‘शब्दच नाहीत’ हे टाळा. शब्द असतात, थोडं थांबलं की येतात. गायकाचं चरित्र आंतरजालावरनं उचलून चिकटवणं टाळा. आणि दहा अल्बमची यादी एकदम टाकू नका, एकावर दहा ओळी लिहिल्यात तर तो एक तरी ऐकला जाईल. राग सांगायचा असेल तर खात्री करून सांगा, नाहीतर ‘भूपासारखं काहीतरी वाटलं, कुणी सांगेल का’ असं विचारा, जाणकार माणसं अशा प्रश्नाला हमखास उत्तर देतात.

नकारात्मक लिहायलाही हरकत नाही. अर्धा अल्बम आवडला, उरलेला रेंगाळला असं वाटलं तर तसं लिहा, फक्त कुठून रेंगाळला तो ट्रॅक सांगा.

६. लिंक कशी द्यायची

सगळ्यांकडे एकच ॲप नसतं. कुणाकडे जिओसावन, कुणाकडे स्पॉटिफाय, कुणी यूट्यूब म्युझिकवर, काकांकडे फक्त साधं यूट्यूब. ओडेस्ली म्हणून सेवा आहे, तिथे एका ॲपची लिंक टाकली की बाकीच्या ॲपच्या लिंक एका पानावर मिळतात, ती एकच लिंक द्या. अल्बमची लिंक द्या, गाण्याची नको, आणि ती बरोबर आवृत्तीची आहे ना ते उघडून बघा. यूट्यूबवर नेमक्या मिनिटापासून सुरू होणारी लिंक देता येते, जागा दाखवायला ती फार कामाची आहे. लिंकच्या बरोबर नाव मजकुरात लिहाच, काही दिवसांनी लिंक मरते आणि मग मागे जाऊन शोधणाऱ्याला काहीच कळत नाही.

एमपीथ्रीच्या झिप फायली फिरवू नका. नवीन कलाकार असेल आणि बँडकॅम्पवर त्याचा अल्बम विकत मिळत असेल तर तिथलाच पत्ता द्या, त्यातला बराचसा पैसा त्याच्यापर्यंत पोचतो.

७. दुसऱ्याने टाकलं की काय करायचं

बोलणं दोन्ही बाजूंनी असतं आणि इथे आपण फार कमी पडतो. कुणी अल्बम टाकला आणि तुम्ही ऐकला नसेल तर लगेच स्वतःची लिंक खाली चिकटवू नका. ‘शनिवारी ऐकून सांगते’ एवढं लिहा आणि खरंच सांगा. ऐकल्यावर त्याने दाखवलेल्या जागेला आधी उत्तर द्या, मग तुम्हाला सापडलेली एक जागा द्या. हे इतकं साधं आहे, पण ज्याने लिहिलंय त्याला कुणीतरी खरंच ऐकलं याचा जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

आपल्याकडे एक वाद ठरलेला आहे, जुनं ते सोनं आणि आताच्या गाण्यात काही राम नाही. या वादात शिरू नका. कुणी पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनचा २०२० चा ‘तडीपार’ टाकला, तर ‘ही काय गाणी झाली’ म्हणायच्या आधी एकदा पूर्ण ऐका. शिव्या आहेत, घरात मोठ्याने लावण्यासारखा नाही, हे शेअर करणाऱ्यानेही आधीच सांगावं. पण त्याला शब्द तालात कसा टाकायचा ते कळतं की नाही, हे ऐकून ठरवता येतं, वयावरून नाही. उलटही खरं आहे. नवीन मुलांनी ‘नाट्यसंगीत म्हणजे आजोबांचं’ म्हणून सोडून देऊ नये.

एकाच अभंगाच्या दोन चाली असतील तर भांडू नका, दोन्ही ऐका. ‘सुंदर ते ध्यान’ वारकरी भजनात ज्या चालीवर म्हणतात आणि खळ्यांनी लताबाईंसाठी जी बांधली, त्या वेगळ्या आहेत, दोन्हींना आपापलं काम आहे. मंडळात शंभर माणसं टाळ घेऊन एकत्र म्हणणार असतात तिथे खळ्यांची चाल पेलणार नाही. यावर बोलायला किती आहे बघा, आणि कुणाचाही अपमान न करता.

ज्याला राग कळतो त्याने न कळणाऱ्याला चुका दाखवत बसू नये. कुणी म्हणालं ‘इथे रडू आलं’ तर तो नेमका कुठला स्वर होता ते प्रेमाने सांगा, तो माणूस आयुष्यभर तो स्वर विसरणार नाही.

८. जमलं तर चार-पाच जणांचा नेम करा

मोठ्या ग्रुपवर सगळं वाहून जातं. चार, पाच, फार तर सहा जण घ्या, आठवड्याला एक अल्बम, पाळीपाळीने निवडायचा, आणि ज्याची पाळी त्याने सोमवारी चार ओळी लिहून टाकायचा. बाकीच्यांनी रविवारपर्यंत ऐकून निदान एक जागा सांगायची. नाही जमलं तर नाही जमलं, दंड वगैरे ठेवू नका, त्याने लोक सुटतात. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट चालते, त्यात गुणगुणून जागा दाखवता येते हा मोठाच फायदा, फक्त दोन मिनिटांच्या आत ठेवा.

परदेशातली मंडळी असतील तर एकत्र ऐकायची वेळ ठरवताना घड्याळाचा हिशोब करा. न्यू जर्सीपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या शनिवारी सकाळी साडेआठला इथे संध्याकाळचे सहा. चहा दोन्हीकडे असतो. सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं, ऐकताना कुणी बोलायचं नाही, संपल्यावर कॉल लावायचा.

एका शीटमध्ये अल्बमचं नाव, कुणी सुचवला आणि कुणाला कुठली जागा आवडली एवढं लिहीत गेलात तर काही महिन्यांत जे तयार होतं ते कुठल्याही ॲपच्या सुचवण्यांपेक्षा चांगलं असतं. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं, पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊस होतं, अशा दुकानांत काउंटरवरच्या माणसाला आवड सांगितली की तो पुढची कॅसेट काढून द्यायचा. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. ते सुचवण्याचं काम आता आपल्यालाच एकमेकांसाठी करावं लागणार आहे.

सुरुवातीला काय घ्याल

ग्रुपमध्ये सगळे नवीन असतील तर पहिल्या आठवड्यात ‘सैराट’ घ्या, म्हणजे कुणाला परकं वाटणार नाही. मग ‘गारवा’, तो पावसाळ्यात. नंतर ‘अभंग तुकयाचे’, शक्य असेल तर गाथा उघडून शब्द समोर ठेवून. मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’, आणि त्यातला भूप कानात असतानाच पुढच्या आठवड्यात किशोरीताईंचा भूप, एकच राग वाद्यावर आणि गळ्यावर. हिंदीतलं घ्यायचं तर १९८७ चा ‘दिल पडोसी है’, आशाबाई, पंचम (आर. डी. बर्मन) आणि गुलजार, तो मोठा आहे म्हणून दोन आठवड्यांत विभागा.

मी या आठवड्यात ‘राम श्याम गुणगान’ लावलाय, आणि वीणा कुठल्या कुठल्या भजनात, कितव्या मिनिटाला ऐकू येते ते लिहून काढतेय. कुणी आधीच टिपून ठेवलं असेल तर वेळेसकट सांगा, माझ्या यादीशी ताडून बघते.